सांडूच्या भारोभार गूळ

एकशे एक हा आकडा सांडूने पहिल्यांदा पाहिला तो गव्हाच्या काट्यावर. औरंगाबादेत चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात होतो, तिथल्या कॅन्टीनचा तो हेडकुक. धान्याची पोती ज्या लोखंडी काट्यावर चढत, त्यावर शहाऐंशी सालच्या एका दुपारी तो गंमत म्हणून चढला. पोतं शंभर किलोचं असे. सांडू पोत्यापेक्षा एक किलोने पुढे निघाला. कॅन्टीनमधली मंडळी हसली. सांडू खाली उतरला, पाण्याच्या पिंपाला टेकला आणि बोटांवर काहीतरी मोजू लागला.

"एकवीस," तो म्हणाला.

"काय एकवीस?" बॉयलरवरचा बन्सी तिथे चहाला आला होता, त्याने विचारलं.

"भेल्या. आणि तितक्याच फेऱ्या."

ही गोष्ट नीट कळायची तर आठ वर्षं मागे जायला हवं.

सांडू कन्नडच्या बाजूचा, घाटाच्या अंगाच्या एका धनगरवस्तीतला. वडील मुंजाबा आणि आई बानाबाई, दोघांची हयात मेंढरांमागे चालण्यात गेली. एका जागी उभं राहून पगार घेणारा त्या घरातला पहिला माणूस म्हणजे सांडू. अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. 'पेटला' हा वर्तमानपत्रांचा शब्द. पेटली ती घरं, आणि ती कोणाची, हे त्या शब्दात येत नाही. एसट्या बंद झाल्या. बन्सीला त्याच्या गावी जाणं शक्य नव्हतं आणि शहरात तो ज्या खोलीत भाड्याने राहायचा, तिथल्या मालकाने दाराला कुलूप घातलं होतं. सांडू त्याच्याबरोबर नऊ दिवस कॅन्टीनच्या कोठीत राहिला. का राहिलास, असं मी पुढे एकदा विचारलं. "बस नव्हती, आन् तांदूळ होता," एवढंच तो म्हणाला. यापलीकडे त्याने या विषयावर कधी भाषण केलं नाही.

इकडे वस्तीवर बातमी पोचली की सांडूला शहरात मारलं. बानाबाई टेकडीवरच्या खंडोबापुढे जाऊन उभी राहिली. पोरगं सुखरूप येऊ दे, शहरात त्याला स्वतःचं छप्पर मिळू दे. त्याच्या भारोभार गूळ तुझ्या पायाशी घालीन, आणि तो मीच डोक्यावरून, अनवाणी, चढवीन. दहाव्या दिवशी सांडू चालत वस्तीवर आला. बन्सीच्या गावातलं घर मात्र राहिलं नव्हतं.

त्या वेळी सांडू पन्नास किलोचा होता. म्हणजे नवस, मेंढरांच्या भाषेत सांगायचं तर, एका तगड्या एडक्याएवढा. छप्पर व्हायला पुढे सात वर्षं लागली. पंचाऐंशीत पहाडसिंगपुऱ्यात दोन खोल्या झाल्या आणि देव मोकळा झाला. तोवर सांडूने सात वर्षं चारशे माणसांच्या वरणाची चव घेतली होती, आणि ती सगळी त्याच्या अंगी लागली होती.

नवसाचे नियम कडक. गुळाची तुला चंपाषष्ठीलाच करायची. देवाचं पारडं खाली टेकलंच पाहिजे, म्हणून एक भेली जास्तीची. पाच किलोची एक भेली, एका फेरीला एकच. पायऱ्या एकशे चाळीस. नवस बोलणाऱ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, आणि ज्याची तुला झाली त्याने शेवटची भेली वर जाईपर्यंत खाली तागडीपाशी बसून राहायचं. बानाबाई तेव्हा साठीला टेकली होती.

थोडक्यात, सांडूच्या अंगावरचे दर पाच किलो म्हणजे त्याच्या म्हाताऱ्या आईला एकशे चाळीस पायऱ्यांची एक फेरी. वजन कमी करायला याहून मोठं कारण मी कोणाजवळ पाहिलेलं नाही. असं कारण असलेल्या माणसाचं वजन आपोआप उतरत असेल असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला.

पहिल्या खेपेला त्याने रात्रीचं जेवण सोडलं. बायको सत्यभामा तीन दिवस गप्प राहिली आणि चौथ्या दिवशी माहेरी निघाली. नवरा आपल्यावर रुसला, असंच तिला वाटलं. तिला खरं सांगून परत आणली. चार महिन्यांत आठ किलो उतरले. मग कन्नडच्या गाडीने डालड्याच्या डब्यातून डिंकाचे लाडू आले. बानाबाई दर पंधरा दिवसांनी ते कंडक्टरच्या हाती पाठवायची. दिवाळीपर्यंत आठ किलो परत आले आणि येताना सोबत तीन घेऊन आले.

"माय, लाडू नको धाडू," सांडूने एकदा सांगून पाहिलं.

"का रं? शहरात गेला म्हणून मायचा डिंक कडू लागतो व्हय?"

"तसं नाय. वजन वाढलंय. तुझा नवस जड व्हतो."

बानाबाई म्हणाली, "देवाला मापात मारतो? मेंढरं इकतानी तुझ्या बापानं असं कधी केलं नाय."

तो विषय तिथेच संपला. सांडूने त्या वर्षी ओव्हरटाइमचं कारण सांगून तुला पुढे ढकलली. पुढच्या वर्षी भावकीत सुतक पडलं. त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्यात टाळेबंदी होती. कारणं खोटी नव्हती, फक्त ती मिळाल्यावर सांडूला फार हलकं वाटायचं. मात्र दरसाल बानाबाई एका वर्षाने म्हातारी होत होती, आणि दोन-तीन वर्षांत एका भेलीची भर पडत होती. ते गणित त्याला काट्याशिवाय करता येत होतं.

एकोणनव्वदला बन्सीने तोडगा काढला. "तिला जे वाहायचं ते आधी तू वाहून बघ," तो म्हणाला. "घराच्या मागं लेण्यांच्या पायऱ्या फुकट पडल्यात."

सांडूने मोंढ्यातून पाच किलोची भेली आणली, फडक्यात बांधली, चुंबळ केली आणि सकाळी सहाला औरंगाबादच्या लेण्यांच्या पायऱ्या चढू लागला. निम्म्यातच तो खाली बसला. बन्सी सोबत होता. तो सांगतो, सांडू दमला म्हणून बसला नव्हता. "एक," तो म्हणाला. आईची एक फेरी खरोखर काय चीज आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यापुढे तो रोज चढू लागला.

आता इथे एक चूक झाली, आणि ती खंडोबाच्या भक्ताकडूनच होऊ शकते. डोंगरावर गूळ चढवला की तो प्रसाद होतो, आणि प्रसाद टाकून द्यायचा नसतो. सांडू रोज वर पोचल्यावर एक खडा मोडून तोंडात टाकायचा. लेण्यांवरच्या पहारेकऱ्याला एक द्यायचा, उतरताना स्वतः आणखी एक. तीन आठवड्यांत भेली संपली. त्याने दुसरी आणली. दोन महिन्यांनी तो काट्यावर चढला तेव्हा एकशे सहा भरला.

बन्सी इतका हसला की त्याला बॉयलरच्या जाळीला धरून उभं राहावं लागलं. "सांड्या, डोक्यावरची भेली तू पोटात घेऊन फिरतो की रे!"

सांडूने महिनाभर कोणाला तोंड दाखवलं नाही. आमच्या हजेरीत तो होता, पण असून नसल्यासारखा.

ब्याण्णवच्या चंपाषष्ठीला तो एकटाच वस्तीवर गेला, पुन्हा काही कारण सांगायला. बानाबाईने कारण ऐकूनच घेतलं नाही. "पुढच्या साली तुला व्हनार," ती म्हणाली. "तू आला तर बरं. नाय आला तर तुझ्या अंदाजाचे धोंडे तागडीत घालीन, पन गूळ चढवीन. माझ्या गुडघ्यात आता एकाच सालाचा दम हाय."

कारखान्यात परतला तेव्हा त्याचा चेहरा बघून बन्सीने विचारलं, "मग, तिसऱ्यांदा?"

"चवथ्यांदा."

"चौथी कुठून आली? मला तर दोनच ठाऊक."

"मागल्या दिवाळीत एक केली व्हती. तुला सांगितलीच नाय. दीड दिवस टिकली."

बन्सी या वेळी हसला नाही. त्याच्या घरात, दाराच्या खुंटीला, रेक्झिनची एक पिशवी असे. टॉवेल, सदरा, साबण, एक वही. नामांतराचा सत्याग्रह निघाला की बन्सी ती पिशवी घेऊन जायचा, अटक व्हायचा, सुटून यायचा, कपडे धुऊन पुन्हा त्याच पिशवीत भरून खुंटीला लावायचा. ठराव होऊन चौदा वर्षं झाली होती. रोज सकाळी कामाला येताना तो आणि सांडू सायकलवरून विद्यापीठाच्या गेटसमोरून येत आणि जुनंच नाव वाचत. नामांतर आणि सांडूचं वजन, या दोन गोष्टी एका वाक्यात घ्याव्यात असं मला वाटत नाही. बन्सी मात्र बेलाशक घ्यायचा.

"पिशवी कपाटात ठेवली की संपलं, सांड्या," तो म्हणाला. "मग पुढल्या टायमाला टॉवेल शोधण्यापासून तयारी. म्हणून मी ती भरलेलीच ठेवतो. कितव्यांदा निघालो ते मोजत बसलो असतो तर आठव्यांदाच लाज वाटली असती."

सांडूने त्यातून जे घेतलं ते असं. घरी जाऊन त्याने आधी भिंतीवरचं कॅलेंडर फाडलं. मागच्या सगळ्या खेपांना तो त्यावर फुल्या मारायचा, आणि फुल्यांची रांग एकदा तुटली की सगळंच तुटलं असं समजून सोडून द्यायचा. मग खाम नदीच्या पात्रातून एक धोंडा आणला. तो काट्यावर बरोबर पाच किलो भरला. धोंडा चावता येत नाही, हा त्याचा मुख्य गुण. चुंबळ आणि धोंडा त्याने उंबऱ्याच्या आत असे ठेवले की बाहेर पडायचं तर ते ओलांडूनच पडावं लागे. सत्यभामेच्या पायाला तो दोनदा लागला. तिसऱ्यांदा तीच त्याला ओलांडून गेली.

"क्या सांडूभाई, आज गूळ नै?" पहारेकऱ्याने पहिल्या सकाळी विचारलं.

"नै. पत्थर."

"तरक्की है."

कॅन्टीनमध्ये त्याने चव घेणं सोडलं. तो मान आता सोनाजी नावाच्या त्याच्या मदतनिसाकडे गेला, आणि सोनाजीला मीठ कमी लागायचं. आठवड्याभरात पाळीवाल्यांत कुरबुर सुरू झाली. युनियनने त्या वर्षी दिलेल्या मागणीपत्रात पगारवाढ, बोनस, बूट आणि भाजीत पुरेसं मीठ, या क्रमाने मागण्या होत्या. मीच तो कागद टाइप केला होता. भाजीत मीठ ही एकच मागणी व्यवस्थापनाने विनाअट मान्य केली.

लाडू येतच राहिले. सांडू डबा गेटवर उघडा ठेवून आत जायचा. पाळी सुटताना डबा रिकामा असे. त्यातले निम्मे बन्सी खायचा आणि त्याचं वजन कशानेच वाढत नसे, याचा सांडूला शेवटपर्यंत राग होता.

मार्चपर्यंत बारा किलो गेले. एप्रिलमध्ये त्याला ताप आला. मग ऊन, मग सत्यभामेच्या भावाचं लग्न. एकोणीस दिवस धोंडा उंबऱ्याशी पडून राहिला. विसाव्या सकाळी बन्सी दारात आला तेव्हा सांडू खाटेवर बसून होता.

"मोडलं," सांडू म्हणाला.

"काय मोडलं? धोंडा तर आख्खा दिसतो."

"एकोणीस दिवस झाले, बन्सी."

"तुला कुणी विचारलं किती झाले? कॅलेंडर तर तूच फाडलं." बन्सीने धोंडा उचलला, चुंबळीसकट त्याच्या डोक्यावर ठेवला आणि सायकलकडे वळला. "मला पाळी आहे. तू चढ."

तो चढला. त्या दिवशी मधेच तीनदा बसला, हे पहारेकऱ्याने मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. अशा सकाळींचं वर्णन करायची सोय नसते, कारण त्यांत काही घडत नाही. माणूस चढतो, उतरतो, आंघोळ करतो, चारशे माणसांसाठी कांदा चिरतो आणि जेवायच्या सुटीत दोन भाकरींऐवजी एक खातो. पण त्या वर्षी सकाळी सहाला मी एकदा स्वतः तिथे गेलो होतो. डोक्यावर धोंडा घेतलेला एक जाडा माणूस उजेडात वर वर जात होता. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं आणि त्याला त्याची गरजही दिसत नव्हती. मी पुस्तकं बरीच वाचली आहेत. त्यांत चिकाटीवर पुष्कळ लिहिलेलं असतं. ती पाठमोरी कशी दिसते, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

त्र्याण्णवच्या चंपाषष्ठीला सांडू, बन्सी आणि मी असे तिघं एसटीने कन्नडला आणि तिथून जीपने वस्तीवर गेलो. टेकडीखाली लिंबाच्या फांदीला लोकर मोजायची मोठी तागडी टांगली होती. शेजारच्या पोत्यावर भेल्या रचलेल्या होत्या. मी मोजल्या. बावीस.

"एवढ्या कशाला, मावशी?" बन्सीने विचारलं.

"कमी पडाया नगं," बानाबाई म्हणाली. सहासष्ट वर्षांची, काटकुळी, उभी राहिली की काठीच उभी केल्यासारखी.

सांडू पारड्यात बसला. तिने दुसऱ्या पारड्यात भेल्या मांडायला सुरुवात केली. दहा. बारा. चौदाव्या भेलीला दांडी सरळ झाली. पंधराव्या भेलीला देवाचं पारडं जमिनीला टेकलं. जमलेल्या माणसांत चुळबुळ झाली. सांडूने मान खाली घातली. देवाला मापात मारल्याचं आता सगळ्यांसमोर निघणार, अशी त्याची खात्री होती.

बानाबाई त्याच्या मागे गेली. मेंढरू पारखताना धनगर जिथे बोटं रुतवतात, बरगड्या संपतात तिथे पाठीवर, तिने दोन बोटं दाबली.

"मला कवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "दर खेपी आला की हात फिरवते मी. फागुनात हाड लागाया लागलं."

"मग लाडू का धाडत राहिली, माय?"

"लाडू धाडणं माझं काम. न खाणं तुझं." तिने पदर खोचला. "देवाला मापात मारलं म्हणावं तर तू बसला तसा भरला. आजचं माप खरं. उतर."

आणि तिने पहिली भेली डोक्यावर घेतली.

पंधरा फेऱ्यांचं मी काय सांगू? पहिल्या पाच ती बोलत बोलत गेली. कोणाची सून आली नाही, कोणाच्या कुत्र्याला आवरत नाही, वगैरे. सहावीपासून बोलणं थांबलं. सांडू नियमाप्रमाणे तागडीपाशी बसून होता आणि त्याचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. नवव्या फेरीला ती वरून उतरली, शेवटच्या पायरीवर टेकली आणि डोळे मिटले. शेजारची दगडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली. बानाबाईने दोन घोट घेतले, उरलेलं पाणी तळपायांवर ओतलं आणि उठली. बन्सी देव मानत नाही. तोही टोपी काढून उभा होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

बाराव्या फेरीच्या आधी ती सांडूसमोर थांबली. त्याच्यावर वाकून म्हणाली, "बाकीच्या त्या सात बघितल्या का?"

पोत्यावर उरलेल्या भेल्या तिने हाताने दाखवल्या. सांडूने मान हलवली.

"त्या तू चढवल्या," ती म्हणाली आणि वळली.

तेरावी. चौदावी. पंधराव्या वेळी ती पायरीवर पाऊल टाकायची, दुसरं त्याच्याशेजारी आणायची, मग थांबायची. खाली दीडशे माणसं होती आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांशिवाय आवाज नव्हता. वर पोचायला तिला बराच वेळ लागला. मग वरून तिने हात केला.

सांडू उठला. तीन-चार तास मांडी घालून बसलेला, एकोणचाळीस वर्षांचा, सत्तर किलोचा माणूस. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. तो एकशे चाळीस पायऱ्या कुठेही न थांबता चढला. आम्ही मागून पोचलो तोवर बानाबाई देवळाच्या ओट्यावर बसली होती आणि तिचा हात त्याच्या छातीवर होता. धाप लागली का, बघत होती.

"नाय लागली," ती म्हणाली. मग हात काढला, ओट्याला पाठ टेकली आणि पाय लांब सोडले.

"म्या मात्र दमले, सांडू."

तिच्या तोंडून हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. तो तिच्या पायांशी बसला, आणि खडे रुतलेले तिचे तळवे त्याने मांडीवर घेतले.